शंखातली कचेरी

मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी पडून जमीन पुरती भिजली, की कृष्णाकाठच्या मळ्यांतून, मग तो वाईकडचा हळदीचा असो, कऱ्हाडकडचा उसाचा असो की सांगली-मिरजेच्या बाजूचा भाजीपाल्याचा असो, दिवेलागणीच्या सुमारास एक संथ आणि निःशब्द हालचाल सुरू होते, जिच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु बांधावरच्या दगडांखालून, पाचटाच्या ढिगांतून आणि विहिरीच्या कठड्याच्या फटींतून बाहेर पडलेल्या या गोगलगायी उजाडेपर्यंत कोवळ्या रोपांचा अख्खा वाफा फस्त करून पुन्हा दडून बसू लागल्या, तेव्हापासून शेतकऱ्याला त्यांची दखल घेणे भाग पडले आहे. यांतली सर्वांत आडदांड जात, जिला आपले लोक शंखी गोगलगाय म्हणतात, ती इथली मूळ रहिवासी नव्हे. तिचे माहेर पूर्व आफ्रिका. तेथून ती मॉरिशसला पोहोचली आणि मॉरिशसहून १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या, कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत असलेल्या पण शंखशिंपल्यांचा जबर नाद लागलेल्या एका गृहस्थाने ती कलकत्त्यास आणून तेथील बागेत सोडविली. हौसेने आणलेल्या या पाहुणीने पुढे देशभर आपला अंमल कसा बसविला याची साक्ष द्यायला लातूर, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतील २०२२ च्या पावसाळ्यातील सोयाबीनची शेते पुरेशी आहेत, जेथे गोगलगायींनी खाल्लेल्या पिकाचे पंचनामे करण्याची वेळ महसूल खात्यावर आली.

ज्या प्राण्याला आपण गुळाच्या पाण्यात भिजविलेल्या गोणपाटाखाली गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवितो, त्याच प्राण्याच्या मस्तकातील एकेका पेशीला जपानातील गिफू विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात हिरोशी ताकेउची यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र नाव दिले, तिचे ठिकाण नकाशावर नोंदविले आणि कोणते रासायनिक द्रव्य टाकले असता ती चेतते व कोणते टाकले असता ती गप्प होते याची वर्षानुवर्षे तपासणी केली, हे ऐकून आमच्या एका बागाईतदार स्नेह्याने, लोकांना उद्योग नसतात, असा शेरा मारला होता. शेरा मारणाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु एक चेतापेशी दुसऱ्या चेतापेशीला निरोप कसा देते आणि त्या निरोपाचा अर्थ नेमका कोठे ठरतो, या प्रश्नाचे जे उत्तर आज वैद्यकाच्या प्रत्येक ग्रंथात गृहीत धरलेले असते, त्याचा फार मोठा भाग गोगलगायी, शिंपले, माकुल आणि त्यांची इतर मृदुकाय भावंडे यांच्याकडूनच मिळालेला आहे. आणि ते उत्तर असे, की निरोप वाहणारे द्रव्य उत्तेजक आहे की अवरोधक, हे त्या द्रव्याच्या अंगी मुळीच नसते, ते ठरविण्याची मुखत्यारी निरोप घेणाऱ्या पेशीकडे असते.

प्रथम ही पेशी राहते कोठे ते पाहू. गोगलगायीला कवटी नाही, पाठीचा कणा नाही आणि म्हणून मज्जारज्जूही नाही. तिची चेतासंस्था म्हणजे चेतापेशींच्या गाठींची, ज्यांना शास्त्रात गुच्छिका म्हणतात त्यांची, एक माळ असून ती अन्ननलिकेभोवती कड्यासारखी बसलेली असते; वरच्या बाजूला मस्तिष्क-गुच्छिकांची जोडी, खाली पाय, प्रावार व आंतरेंद्रिये यांचा कारभार पाहणाऱ्या गुच्छिकांचा दाट समूह, आणि पुढे तोंडाच्या स्नायुपिंडाला चिकटून मुख-गुच्छिका. गोगलगाय जो घास गिळते तो तिच्या मेंदूच्या मधून जातो, ही गोष्ट शारीररचनेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असली तरी तिचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. प्राणिशास्त्राच्या पदवी परीक्षेला बसलेल्या आपल्याकडील जुन्या विद्यार्थ्यांना ही रचना पुस्तकावाचूनही आठवेल, कारण पायला या गोड्या पाण्यातील मोठ्या गोगलगायीचे विच्छेदन करून तिची चेतासंस्था न तोडता मेणाच्या ताटलीत मांडून दाखविणे हा प्रात्यक्षिक परीक्षेतील हमखास आणि घाम फोडणारा प्रश्न असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली अशा विच्छेदनांवर बंदी घातली. ती योग्यच होती असे आमचे मत आहे, मात्र त्या पांढुरक्या गाठी आणि त्यांना जोडणारे तंतू चिमट्याच्या टोकावर उचलून धरताना जी समज येई ती आकृतीवरून येणे कठीण.

या गुच्छिकांवरील संयोजी ऊतकाचे पातळ आवरण सुईच्या टोकाने सोडविले आणि वरून तिरपा प्रकाश पाडून साध्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर पृष्ठभागावर पिवळसर-नारिंगी रंगाचे गोल ठिपके एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. या चेतापेशी होत. माणसाच्या मेंदूतील चेतापेशीचा देह बहुधा १० ते २० मायक्रोमीटर एवढा असतो, तर गोगलगायीच्या मोठ्या पेशी १०० ते २०० मायक्रोमीटर व्यासाच्या, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही मोठ्या भरतात. ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या काही पेशी तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. संख्या पाहावी तर माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि ॲप्लिसियाच्या सबंध मध्यवर्ती चेतासंस्थेत अवघ्या सुमारे २० हजार. संख्या थोडी आणि आकार मोठा एवढीच सोय असती तरी संशोधकांनी समाधान मानले असते. परंतु याहून मोलाची सोय अशी, की एका गोगलगायीत जी पेशी ज्या ठिकाणी, ज्या रंगाची आणि ज्या स्वभावाची सापडते, तीच पेशी त्या जातीच्या दुसऱ्या गोगलगायीत त्याच ठिकाणी सापडते. त्यामुळे आज सोमवारी ज्या पेशीची उलटतपासणी अर्धवट राहिली तिची पुढची तारीख दुसऱ्या प्राण्यावर मंगळवारी लावता येते. उलटतपासणीचे साधनही साधेच आहे. काचेची नळी तापवून ओढली की तिचे टोक एक मायक्रोमीटरहून बारीक होते. तीत पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण भरून ती पेशीत टोचली, की पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ५०-६० मिलिव्होल्टने ऋण असल्याचे यंत्र दाखवू लागते, आणि पेशी चेतली की हा ऋणभार सेकंदाच्या काही हजारांश भागापुरता नाहीसा होऊन उलटतो. हा विद्युत्स्पंद तंतूवरून धावत जातो आणि तंतूच्या टोकाशी येऊन थांबतो, कारण पुढची पेशी त्याला थेट जोडलेली नसते. मध्ये फट असते.

ही फट ओलांडण्याचे काम द्रव्य करते, हे ग्राझ येथे ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवरील सुप्रसिद्ध प्रयोगाने दाखविले. एका हृदयाची गती मंद करणाऱ्या चेतेला उत्तेजन देऊन त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन. हेन्री डेल यांच्यासह लोवींना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळून आले की तंतूच्या टोकात अशा द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पुटिका तयार असतात, विद्युत्स्पंद येताच कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पुटिका पटलाला भिडून फुटतात आणि द्रव्य फटीत सांडते. समोरच्या पेशीच्या पटलावर प्रथिनांचे जे ग्राही बसलेले असतात त्यांना ते चिकटते आणि त्या ग्राहींच्या योगे आयनांची दारे उघडतात किंवा मिटतात. अशा द्रव्यांना चेतापारेषक म्हणतात. येथपर्यंतची हकीकत शाळेच्या पुस्तकातही येते. मात्र पुस्तके पुढे जाऊन अमुक द्रव्य उत्तेजक आणि तमुक द्रव्य अवरोधक अशा दोन याद्या करतात, आणि या याद्या गोगलगायीच्या पुढ्यात टिकत नाहीत.

लाडिस्लाव ताउच आणि हेर्श गेर्शेनफेल्ड यांनी फ्रान्समध्ये ॲप्लिसियाच्या पेशींवर काम करून १९६१ साली जे प्रसिद्ध केले ते असे, की त्याच प्राण्याच्या त्याच गुच्छिकेतील काही पेशींवर ॲसिटिलकोलीनचा थेंब सोडला असता त्या चेततात आणि शेजारच्या काही पेशींवर तोच थेंब सोडला असता त्या अधिकच ऋण होऊन निपचित पडतात. इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे जी. ए. केर्कट यांच्या प्रयोगशाळेत बागेतल्या साध्या गोगलगायीच्या पेशींवर हेच अनुभवास आले. शंका घेणारा म्हणेल, की बाहेरून थेंब टाकणे निराळे आणि पेशीने स्वतः निरोप धाडणे निराळे. ही शंका एरिक कँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ च्या सुमारास फेडली: ॲप्लिसियाच्या उदर-गुच्छिकेत एक पेशी आहे, जी आपल्या अनेक अनुयायी पेशींना एकच एक ॲसिटिलकोलीन पाठविते, आणि त्याच निरोपाने काही अनुयायी चेततात तर काही गप्प होतात. पुढे जॅकस्यू केहो यांनी या भिन्न प्रतिसादांची फोड करून दाखविली. एका प्रकारचा ग्राही सोडियमला वाट देतो व पेशी चेतते. दुसरा क्लोराइडला वाट देतो व पेशी झटकन दबते. तिसरा पोटॅशियमला बाहेर जाऊ देतो व पेशी सावकाश पण दीर्घकाळ दबून राहते. साताऱ्याच्या गादीवरून निघालेला एकच खलिता, त्यात एक अक्षरही कमीजास्त न करता, एका सुभ्याच्या कचेरीत उघडला की तोफखाना बाहेर निघावा, दुसऱ्या कचेरीत उघडला की किल्ल्याचा दरवाजा बंद व्हावा आणि तिसऱ्या कचेरीत त्याच खलित्यावरून पुढच्या पंधरवड्याची सगळी कामे तहकूब व्हावीत, असा हा प्रकार आहे. खलित्याचा मजकूर कचेरीगणिक फिरतो तो कचेरीच्या दस्तुरामुळे, आणि पेशीचा दस्तूर म्हणजे तिने आपल्या पटलावर कोणते ग्राही बसविले आहेत ते.

आता गोगलगाय क्षणभर बाजूला ठेवून तिच्या शिंपल्यातल्या नातलगांकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत सुरस प्रकरण त्यांच्या नावावर आहे. सांगलीच्या घाटावर उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे, किंवा वारणा जेथे कृष्णेला मिळते त्या हरिपूरच्या संगमाखालच्या गाळात, हातभर चाचपडले तर लांबट, काळपट-हिरव्या कवचाचे शिंपले सापडतात. पकडलेला शिंपला हातात घेऊन त्याची दोन शकले नुसत्या बोटांनी उघडण्याचा यत्न करून पाहावा. जे बळ त्या मूठभर प्राण्याने लावलेले असते ते आपल्याला हार खायला लावते, आणि आश्चर्य असे की हे बळ तो तासन्‌तास लावून धरतो तरी त्याला थकवा येत नाही. आपण भरलेली घागर हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत दंड थरथरू लागतो. शिंपल्याचा स्नायू आकुंचन पावला की त्याच अवस्थेत अडकून राहतो आणि त्या अवस्थेत त्याला शक्ती जवळजवळ खर्चावी लागत नाही. तो सुटतो कसा?

हार्वर्डमध्ये जॉन वेल्श हे शिंपल्याच्या हृदयावर चेतापारेषकांची परीक्षा करीत असत. वीनस जातीच्या शिंपल्याचे हृदय ॲसिटिलकोलीनने मंदावते, आणि द्रव्याचे प्रमाण कितीही अल्प असले तरी त्याची वर्दी देते, म्हणून रासायनिक तराजू म्हणून ते अनेक वर्षे वापरले गेले. त्यांच्या शिष्या बेटी ट्वॅरोग यांनी समुद्रातील निळ्या शिंपल्याचा एक स्नायू निवडला, जो खडकाला चिकटण्याच्या दोरांना ताणून धरतो. आपल्या रत्नागिरीकडे शिणाणे म्हणून जे शिंपले विकायला येतात ते याच कुळातले. ॲसिटिलकोलीन टाकले की हा स्नायू आकुंचन पावून अडकतो, हे दिसले. त्याला मोकळे करणारे दुसरे कोणते तरी द्रव्य असले पाहिजे म्हणून ट्वॅरोगबाईंनी नाना द्रव्ये टाकून पाहिली, आणि अखेर जे लागू पडले ते सेरोटोनिन, जे त्या काळी केवळ रक्तवाहिन्या आवळणारे एक रक्तातील द्रव्य म्हणून ओळखले जाई. क्लीव्हलंड येथे अर्व्हिन पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली ते रक्तरसातून वेगळे केलेले होते. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना तेच द्रव्य आधी सशाच्या पचनमार्गात आणि अष्टपादाच्या लाळग्रंथीतही आढळले होते, पण त्यांनी त्याला निराळे नाव दिले होते.

शिंपल्यात जे चेतापारेषक आहे ते आपल्या मेंदूत का नसावे, हा प्रश्न पंचविशीच्या त्या तरुणीला पडला आणि तो घेऊन ती पेज यांच्याकडे क्लीव्हलंडला गेली. पेज यांना मेंदूत सेरोटोनिन सापडेल असे वाटत नव्हते. तरीही त्यांनी तिला जागा दिली, याबद्दल त्यांचे आभार मानावेत. मोजमापाचे यंत्र म्हणून तिने पुन्हा शिंपल्याचे हृदयच वापरले, कारण ते ॲसिटिलकोलीनने मंदावते तसे सेरोटोनिनने जोरात धडधडू लागते, आणि १९५३ साली सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचा पुरावा दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे ज्या शिंपल्यावरून हे सुचले त्याचा मूळ लेख १९५२ साली धाडलेला असूनही संपादकांच्या दफ्तरात पडून राहिला आणि १९५४ साली छापून निघाला. आज औदासीन्यावरील ज्या गोळ्या जगभर घेतल्या जातात त्यांतल्या पुष्कळशा मेंदूतील सेरोटोनिन फटीत अधिक काळ राहू देऊनच काम करतात. शिंपल्यात ज्याचे काम स्नायू सोडविणे, त्याचेच शिंपल्याच्या हृदयात काम वेग वाढविणे, आणि मनुष्याच्या मेंदूत तर त्याची कामे इतकी आणि इतकी परस्परभिन्न, की एका वाक्यात सांगू म्हटले तर खोटे सांगावे लागेल.

नदीतल्या शिंपल्याला खडकाचे दोर नसतात, पण शकले मिटणारे स्नायू तेवढेच हट्टी असतात. हंगेरीत बालातोन सरोवराकाठी तिहान्य येथे यानोश शालांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या उघडझापीचा पिच्छा पुरविला, आणि आपल्याकडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम् यांनी व त्यांच्या शिष्यांनी येथल्याच नद्यांतील शिंपल्यांच्या चेतापेशींतून पाझरणाऱ्या स्रावांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिहान्यचे शिंपले आणि कृष्णेतले शिंपले एकाच कुळातले आहेत.

गुळाच्या गोणपाटाकडे परत येऊ. शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते, की गुळाचा वास लागला की गोगलगाय वाट वाकडी करून येते, आणि आली की तोंड चालविणे थांबवीत नाही. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दातांची पट्टी असते. ती पुढे काढायची, पृष्ठभाग खरवडायचा आणि मागे घेऊन गिळायचे, अशी तीन टप्प्यांची आवर्तने मुख-गुच्छिकांतील पेशींचे एक छोटे मंडळ चालविते, आणि लिम्निया या डबक्यातील गोगलगायीत त्या मंडळातील पेशींची एकमेकींशी भाषा ॲसिटिलकोलीन आणि ग्लुटामेट यांची असल्याचे दिसून आले आहे. हे मंडळ स्वतःच्या बळावर चालू शकते. मात्र मस्तिष्क-गुच्छिकेत दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड पेशी असते, जिचा तंतू थेट मुख-गुच्छिकांत आणि स्नायूंत जातो, आणि ती पाठविते सेरोटोनिन. ही पेशी घास घेण्याचा हुकूम स्वतः देत नाही. ती जागी असली की मंडळ सहज सुरू होते, आवर्तने जलद पडतात व स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतात, आणि ती गप्प असली की समोर गूळ असूनही काम रेंगाळते. कारकुनाला कामाला लावणारा अधिकारी आणि कारकुनाच्या मेजावरचा दिवा मोठा करणारा अधिकारी यांत जे अंतर आहे तेच या दोन तऱ्हांच्या चेतापारेषणात आहे, आणि दुसऱ्या तऱ्हेला शास्त्रज्ञ नियमन म्हणतात.

कँडल यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः या दुसऱ्या तऱ्हेच्या अभ्यासासाठी. ॲप्लिसियाच्या शेपटीला धक्का दिला की काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते संवेदी पेशीच्या टोकाशी पोहोचते, पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाचा दुय्यम निरोप्या वाढतो, त्यामुळे पोटॅशियमची काही दारे मिटतात, विद्युत्स्पंद किंचित लांबतो, कॅल्शियम जास्त शिरते आणि त्या पेशीचा स्वतःचा ग्लुटामेटचा निरोप एरवीपेक्षा भरघोस निघतो. परिणामी कल्ले आत घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होते. धक्के वारंवार दिले तर पेशीत नवी प्रथिने घडून नवे चेतासंधी उगवतात आणि हा बदल कित्येक दिवस टिकतो. गोगलगायीला स्मृती आहे, असे म्हणताना जीभ अडखळण्याचे आता कारण उरलेले नाही.

परंतु आमच्या मते या सगळ्या दप्तरातील सर्वांत चमत्कारिक कागद सापडला तो आपल्या शेतातल्या शंखी गोगलगायीतच. १९७७ साली डेव्हिड प्राइस आणि मायकेल ग्रीनबर्ग यांनी शिंपल्याच्या गुच्छिकांतून चार ॲमिनो आम्लांचे एक छोटे पेप्टाइड काढले, जे हृदयाची गती वाढविते. तेव्हापासून मृदुकायांच्या गुच्छिका म्हणजे लहान-लहान पेप्टाइडांची खाणच आहे असे ध्यानात येऊ लागले. १९८९ साली जपानी संशोधकांनी शंखी गोगलगायीच्या असंख्य गुच्छिका गोळा करून त्यांतून आणखी एक चार आम्लांचे पेप्टाइड वेगळे केले व त्याला अकाटिन असे नाव दिले. ग्लायसीन, फिनिलॲलनीन, ॲलनीन आणि ॲस्पार्टिक आम्ल. यात नवल काय? नवल दुसऱ्या आम्लात होते. ॲमिनो आम्लांचे रेणू उजव्या आणि डाव्या हातांसारखे दोन घडणींचे असू शकतात, पण सजीवांची प्रथिने घडविणारी यंत्रणा केवळ एकच घडण, जिला एल म्हणतात, वापरते; जनुकांत दुसऱ्या घडणीसाठी अक्षरच नाही. या पेप्टाइडातील फिनिलॲलनीन दुसऱ्या, डी घडणीचे होते. संशोधकांनी प्रयोगशाळेत दोन्ही पेप्टाइडे बनवून ताकेउचींच्या नकाशावरील पेशींवर टाकून पाहिली. डी घडणीचे टाकताच पेशी उसळली. एल घडणीचे टाकले तेव्हा काही झाले नाही. चार आम्ले तीच, क्रम तोच, वजन तेच, फक्त एका आम्लाची फिरविलेली बाजू, आणि कचेरीने खलिता ओळखण्याचे नाकारले. गोगलगाय प्रथम सर्वसाधारण घडणीचेच पेप्टाइड बनविते आणि मागाहून ते एक आम्ल उलटविते, हेही आता समजते. हा खटाटोप तिने का करावा, यावर एक उत्तर असे दिले जाते की अशी उलटी घडण प्रथिने कुरतडणाऱ्या विकरांना सहज पचत नाही आणि निरोप जास्त वेळ टिकतो.

ग्राही इतका काटेकोर असेल तर त्याला फसविता येणार नाही असे वाटेल. प्रत्यक्षात वनस्पतींनी ही फसवणूक फार पूर्वीच साधली आहे. निपाणीच्या तंबाखूतले निकोटिन हा ॲसिटिलकोलीनचा बनावट खलिता आहे. तो सर्व कचेऱ्यांत चालत नाही, पण काही कचेऱ्या तो अस्सल समजून उघडतात, आणि अस्सल निरोप विकराकडून तत्काळ नष्ट केला जातो तसा तो होत नाही म्हणून दार उघडेच राहते. तंबाखूचा काढा कीटकांवर शिंपडण्याची रीत जुनी आहे, आणि केरळात शंखी गोगलगायींवर तंबाखूचा काढा व मोरचूद यांचे मिश्रण फवारण्याची शिफारसही केली गेली. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके याच बनावटीच्या धर्तीवर घडविलेली असून कीटकांचे ग्राही त्यांना अधिक लवकर बळी पडतात. गोगलगायींसाठी बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांची तऱ्हा निराळी; त्या खाल्ल्यावर गोगलगाय चिकट स्राव इतका सोडते की कोरडी पडून मरते. गोळ्या टाकताना वस्तीवरची कुत्री बांधून ठेवावीत आणि गोगलगायी वेचताना हातमोजे घालावेत, कारण त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात.

अस्सल ॲसिटिलकोलीनची विल्हेवाट लावण्यासाठी फटीत एक विकर तयार असते, कोलिनएस्टरेज. गोगलगायीत याखेरीज आणखी एक बंदोबस्त सापडला. नेदरलंड्समधील ऑगस्ट स्मिट आणि तिथल्या इतर संशोधकांनी २००१ साली दाखविले, की लिम्नियाच्या चेतापेशींशेजारच्या आधारपेशी फटीत एक प्रथिन सोडतात, जे सांडलेले ॲसिटिलकोलीन धरून ठेवते. हे प्रथिन पाच समान भागांचे असून आपल्या स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीन-ग्राहीच्या बाहेरच्या भागाची ते जवळजवळ नक्कलच आहे. फरक इतकाच की ते पटलात रुतलेले नाही, पाण्यात विरघळते. पटलात रुतलेल्या ग्राहीचे स्फटिक बनविणे तेव्हा कोणालाच साधत नव्हते. या विरघळणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक मिळाले, क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, आणि ॲसिटिलकोलीन आपल्या ग्राहीत नेमके कोठे बसते याचे अणुपातळीवरचे पहिले चित्र डबक्यातल्या गोगलगायीच्या कृपेने हाती आले.

कोलिनएस्टरेजच निकामी करणारी विषे म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशके. गोगलगाय असो, तुडतुडा असो की तोंडाला फडके न बांधता वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी करणारा मजूर असो, सर्वांच्या फटींत एकच द्रव्य साठत जाते. माणसात प्रथम लाळ व घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली काढलेल्या रुग्णालयापासून ज्या मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणून लौकिक मिळाला, तेथल्या कोणत्याही डॉक्टराला हे चित्र अनोळखी नाही, आणि असा रुग्ण आला की तो प्रथम ॲट्रोपिन मागवितो. ॲट्रोपिन साठलेले ॲसिटिलकोलीन हलवीत नाही. ते ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांच्यावरील ग्राहींवर स्वतः जाऊन बसते, त्यामुळे खलित्यांचा ढीग पडलेला असूनही त्या कचेऱ्यांत ते उघडले जात नाहीत व छाती मोकळी होऊ लागते. परंतु हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर जे ग्राही असतात ते दुसऱ्या घराण्यातले, निकोटिनला फसणारे. ॲट्रोपिनला ते ओळखत नाहीत. म्हणून लाळ आटली, छातीतली घरघर थांबली, तरी रुग्णाची मान लुळी राहू शकते, आणि विकर पुन्हा कामाला लागावे यासाठी प्रॅलिडॉक्सिमची सुई देऊनसुद्धा काही दिवस त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.